तिसऱ्या घरातला कोमल धैवत

२ नोव्हेंबर, रविवार

आज परत नाही लागला. सकाळभर गच्चीवर बसलो. ओठाला फोड आला, शेजारच्या आजोबांनी खिडकी धाडकन लावून घेतली, पण तिसऱ्या घरातला कोमल धैवत काही लागला नाही.

रूबेनला असं सांगितलं की तो म्हणतो, "तुझं सारेगम मला कळत नाही, बी फ्लॅट म्हण." गोष्ट एकच. माझी हार्मोनिका दहा भोकांची, सी पट्टीची. भोकांना मी घरं म्हणतो. तिच्यावर डी मायनर वाजवायचं तर पहिल्या घराची हवा आत ओढून जो स्वर येतो तो षड्ज धरायचा. मग काफी थाट आपसूक हाताशी येतो. गंधार कोमल, निषाद कोमल. फक्त धैवत शुद्ध राहतो. आणि ब्लूजमध्ये गिटार मध्यमावर गेली की तो शुद्ध धैवत भातात खडा लागावा तसा लागतो. तिथं कोमलच पाहिजे, आणि तो या वाद्यात तयार मिळत नाही. तिसऱ्या घराची हवा ओढताना जीभ मागे घेऊन स्वर अर्धाच खाली वाकवायचा. थोडं जास्त झालं की धाडकन पंचम. थोडं कमी झालं की शुद्ध. मधे सुईच्या टोकाएवढी जागा.

रूबेनच्या चर्चचा नाताळ मेळावा डिसेंबरच्या शेवटी. इतकी वर्षं आम्ही दोघं वाढदिवसांना सिनेमाची गाणी वाजवत आलो. या वेळी पहिल्यांदाच आमचं स्वतःचं काहीतरी आहे.

५ नोव्हेंबर

आज साखर कारखान्यात उसाची मोळी टाकली. गळीत सुरू. नारळ फुटला, भाषणं झाली, आणि आम्ही पॉवर हाऊसमधे परत टर्बाइनच्या शेजारी. माझा हा बाविसावा हंगाम. हंगाम चालू झाला की डोकं ठिकाणावर राहत नाही, म्हणून दरवर्षी याच दिवसांत ही वही बाहेर काढतो.

कानात घालायचे बोळे यंदाही वाटले. माझे लॉकरमधे पडले. टर्बाइन कानानं सांभाळायची असते. बेअरिंग बिघडायच्या आधी तिचा आवाज जड होतो, आणि तो मला मीटरच्या आधी कळतो. आमचे इंजिनियर रामहरी ढाकणे नव्या लोकांना सांगतात, "गर्जेंचा कान म्हणजे कान." मी वर पाहत नाही, पण बरं वाटतं.

घरी आलो तर इन्व्हर्टर शिट्टी मारतोय. बारीक, सतत. डोकं उठलं.

९ नोव्हेंबर, रविवार

रूबेनच्या घरी सराव. रूबेन साळवे म्हणजे अकरावीला माझ्या बाकावर बसणारा, आता शाळेत गणित शिकवणारा. गेल्या वर्षी त्याचे बाबा गेले. रेल्वेत होते. त्यांच्यासाठी त्यानं ही ब्लूजची चाल बांधली. शब्द नाहीत, नुसती गिटार आणि हार्मोनिका. फार साधी चाल आहे. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी चहा तसाच ठेवून बाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

आज दोनदा वाजवून झाल्यावर तो म्हणाला, "बिभीषण, जरा हळू."

"हळू म्हणजे? लय तर बरोबर आहे."

"लय नाही रे. आवाज. गिटार दबतेय."

मला उलटंच वाटत होतं. गिटारपुढं माझी हार्मोनिका कापूस घालून वाजवल्यासारखी येत होती. तिची ती धार, जी ऐकून मी या वाद्याच्या नादी लागलो, तीच निघत नाही. मी तसं म्हणालो, तर तो काहीतरी पुटपुटला. हल्ली तो तोंडातल्या तोंडात बोलतो. बाबा गेल्यापासून तसाच झालाय.

आतल्या खोलीतून मार्थामावशी, त्याची आई, येऊन दारात बसली आणि तिनं पूर्ण ऐकलं. संपल्यावर तशीच आत निघून गेली. आज मला ते टोचलं.

१२ नोव्हेंबर

इलेक्ट्रिशियन आला होता. इन्व्हर्टर खोलून बघितला, म्हणाला काही नाही. मी म्हटलं, बंद कर. बंद केला. शिट्टी चालूच! म्हणजे शेजारच्यांचा असणार. त्यांच्याकडे गेलो, तर त्यांच्याकडे इन्व्हर्टरच नाही.

पंकजा म्हणाली, "अहो, कसली शिट्टी?"

"तुला ऐकू येत नाही?"

"न्हाई बाई."

"मग एकदा कान दाखवून ये."

 ती भाजी चिरायला लागली.

१७ नोव्हेंबर

चौथ्या घरातली स्वराची पत्ती मेली. नवी हार्मोनिका आणून महिना झाला नाही. गेल्या वेळचीही अशीच गेली. दुकानदार म्हणतो, साहेब, जोरानं ओढता तुम्ही. हा मला शिकवणार! नवी घेतली, तर तिच्या वरच्या तीन घरांना जीवच नाही, नुसती हवा. बदलून दे म्हणालो. त्यानं दुकानातच वाजवून दाखवली आणि म्हणाला, चांगली वाजतेय की. गिऱ्हाइकाच्या तोंडावर खोटं बोलतात.

धैवत आज एकदा लागला. अगदी लागला. परत करायला गेलो तर पंचम.

२३ नोव्हेंबर, रविवार

भांडणच झालं म्हणायचं.

रूबेननं मोबाईलवर सूर मोजायचं काहीतरी घेतलंय. सुई हलते. मी तिसरं घर ओढलं की सुई वाऱ्यावरच्या पताकेसारखी. तो म्हणाला, "तो स्वर सोडूनच दे ना. त्या जागी गप्प बस, मी गिटारनं भरतो."

"गप्प बसू?"

"नाहीतर मायनरमधे जुळवलेली हार्मोनिका मिळते. मागवू. त्यात तो स्वर तयारच असतो."

मी म्हणालो, तयार स्वर वाजवायचा असता तर मी पेटी वाजवली असती. वाकवलेला स्वर वेगळाच असतो. तो वर जाता जाता खाली बसतो, आणि दुःख काय ते त्यातच आहे. हे मी चांगलं बोललो असं मला वाटलं. रूबेन म्हणाला, "पण तू तो वाकवत नाहीस, मोडतोस."

परत येताना स्टेशनपर्यंत एकटाच चाललो. राग त्याचा नाही आला. मला खरंच जमत नाही, याचा आला.

२६ नोव्हेंबर

गावाकडून आईचा फोन. आमच्या पाथर्डीकडं नेटवर्क म्हणजे देवाची कृपा. नुसतं घुमल्यासारखं ऐकू येतं. आई म्हणाली, तुझ्या बाचा हात लई दुखतुय. मी सांगितलं, मलम चोळा, फडक्यानं गळ्यात बांधून ठेवा, उचलाउचली करू देऊ नका.  आई ओरडली, "आरं दात! दात म्हन्ते मी! दात गळ्यात बांधू व्हय?"

पंकजा शेजारी हसून हसून खाली बसली. मीही हसलो. पण फोन तिनं माझ्या हातातून घेतला, आणि ती आईशी अगदी हळू आवाजात व्यवस्थित बोलली. नेटवर्क तेवढ्यात सुधारलं असेल.

७ डिसेंबर, रविवार



चर्चच्या मैदानावर माइक लावून सराव होता. गाणारी मंडळी खुर्च्यांवर बसली होती, साउंडवाला वायरी जोडत होता. आमचा नंबर आला. मी ठरवून आलो होतो, आज चेहरे बघायचे नाहीत, डोळे मिटून वाजवायचं. पहिलं आवर्तन बरं गेलं. दुसऱ्यात गिटार मध्यमावर गेली, मी माइकच्या अगदी जवळ सरकलो, तिसरं घर ओढलं, आणि धैवत लागला. मला आतून कळलं की लागला. म्हणून धरून ठेवला.

डोळे उघडले तर सगळ्यांनी कानांवर हात ठेवले होते. सगळ्यांनी. पुढच्या ओळीतली एक बाई तर वाकली होती. साउंडवाला माझ्याकडे हात करून काहीतरी ओरडत होता. मार्थामावशीनं पदर कानावर घट्ट दाबला होता. आणि रूबेन, ज्याच्या बाबांसाठी मी महिनाभर ओठ फोडून घेतले, तो गिटार सोडून एक हात कानावर ठेवून उभा होता.

वाईट वाजवलं असेन. मान्य. पण माणसं असं करतात का कुणाला?

हार्मोनिका खिशात घातली, पायरीवरून उतरलो आणि सरळ निघालो. रूबेन मागून हाका मारत असेल नसेल, मला ऐकू आल्या नाहीत.

९ डिसेंबर

रूबेनचे फोन. उचलले नाहीत. ड्युटीवर रामहरी साहेबांनी दोनदा काहीतरी विचारलं, मी दोन्ही वेळा "हो" म्हणालो. दुसऱ्यांदा ते थांबून बघायला लागले. बहुतेक "हो" हे उत्तर नव्हतं.

उसाच्या फडावर आई-बाप कोयता चालवायचे, तेव्हा कोपीत, पाचटाच्या झोपडीत, मी एक पत्र्याचा बाजा वाजवत बसायचो. कुणी कानावर हात ठेवले नाहीत तेव्हा.

हार्मोनिका कपाटात ठेवली. आता नाही वाजवायचं. ब्लूज हे माझ्यासारख्याचं काम नाही.

११ डिसेंबर

रूबेन घरी आला. पंकजानं बोलावलं असणार, कारण चहा आधीच टाकलेला होता. तो माझ्यासमोर बसला आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलला.

"का गेलास न सांगता?"

"तू कानावर हात ठेवलास."

"अरे, मग काय करणार? स्पीकर किंचाळत होता!"

"कोण?"

"स्पीकर. माइकजवळ सरकलास आणि शिट्टी सुरू झाली. कानात सुया घातल्यासारखी. सगळं मैदान ओरडत होतं, साउंडवाला तुला मागे हो मागे हो म्हणत होता. तू डोळे मिटून वाजवतोयस. आम्हाला वाटलं, मुद्दामच करतोस की काय."

मी म्हणालो, "शिट्टी नव्हती."

रूबेननं पंकजाकडे बघितलं.

"बिभीषण, रस्त्यावरची माणसं थांबली होती."

"नव्हती," मी परत म्हणालो. आणि म्हणतानाच कळलं की समोरची दोघं मला खोटं पाडायला बसलेली नाहीत. दोघांच्याही तोंडावर भीती होती.

पंकजा म्हणाली, "कुकरच्या शिट्ट्या मी मोजते, तुमी मोजत न्हाई. दारावरची घंटी तुमाला लागत न्हाई. टीव्हीचा आवाज मी रोज कमी करते. किती वेळा सांगायचं म्हटलं, तर तुमी मलाच कान दाखव म्हनता."

चहा कुणीच प्यायला नाही.

१५ डिसेंबर

नगरला जाऊन आलो. एसटीत पंकजा खिडकीपाशी, मी तिच्या डाव्या बाजूला. ती बोलत होती. मी आज पहिल्यांदा लक्ष देऊन बघितलं, मी तिच्या ओठांकडे बघून ऐकतो.

मनवा कुलकर्णी म्हणून एक तरुण मॅडम आहेत, कान तपासतात. काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर डबे लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीचे जाडे आवाज मी अगदी हलकेसुद्धा सोडले नाहीत. पटापट दाबले. मला वाटलं, आता काचेपलीकडे बसलेल्या पंकजाला कळेल, गर्जेंचा कान म्हणजे कान. मग मॅडमचं मशीन अडलं. त्या बराच वेळ बटणं फिरवत बसल्या, आवाज काही सुरू होईना. मी थांबून राहिलो. त्यांनी दुसरीकडे फिरवलं, परत काही नाही. मी खुणेनं विचारलं, बिघडलं का?

त्यांनी मान हलवली. नाही.

पंकजा काचेपलीकडून माझ्या बटणावरच्या अंगठ्याकडे बघत होती. दाबा, दाबा, असं तिचं तोंड हलत होतं.

मशीन नीट चालू होतं. सगळे आवाज येत होते.

बाहेर आल्यावर मॅडमनी आलेख दाखवला. डावीकडे रेघ सरळ, आणि मधूनच घाटात दरी यावी तशी खाली. जाडे आवाज शाबूत, बारीक गेले. दोन्ही कानांचे. "कामाच्या ठिकाणी गोंगाट असतो का?" मी कारखान्याचं सांगितलं. "कानात बोळे घालता?" मी लॉकरचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. ती घरातली शिट्टी कानातलीच आहे म्हणाल्या. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपायचं. यंत्र लावता येईल, जानेवारीत मापं घेऊ.

मी विचारलं, "मी हार्मोनिका वाजवतो. तिची धार मला येत नाही. ती..."

"ती असते," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना ऐकू येते. तुम्हाला येत नाही, म्हणून तुम्ही जोर लावत असाल."

 दुकानदार, तो इलेक्ट्रिशियन, रूबेन. परतताना एसटीत एकेकाचं बोलणं आठवत होतं.

१६ डिसेंबर

बोळे घातले आज. टर्बाइन लांब गेल्यासारखी वाटली. दिवसभर चिडचिड. रामहरी साहेबांना सगळं सांगितलं, हंगाम संपल्यावर दुसरीकडे टाका म्हणालो. ते म्हणाले, "गर्जे, दुसरीकडे म्हणजे कुठे? स्टोअरला? तिथे तुमचा काय उपयोग?" मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

बावीस हंगाम ज्या कानाची फुशारकी मारली तो त्या मशीननं रोज थोडा थोडा खाल्ला, आणि मला वाटत होतं मी तिला ऐकतोय.

२१ डिसेंबर, रविवार

रूबेनकडे गेलो. हार्मोनिका घेऊन गेलो, पण वाजवायला नाही, सांगायला. दुसरं कुणी बघ म्हणून.

तो म्हणाला, "बघतो. पण आज आलायस तर एकदा वाजव. अगदी हळू. आई आत झोपलीय असं समज."

"झोपलीय का?"

"नाही. बाजारात गेलीय."

मी वाजवलं. इतकं हळू की माझ्यापर्यंत नुसती ओठांची गुदगुली पोहोचत होती, आणि वर कानातली ती कायमची शिट्टी. धार नाही, रंग नाही. ओढायचा जोर लावावासा वाटत होता, हात शिवशिवावेत तसा गळा शिवशिवत होता. नाही लावला. तिसऱ्या घराशी आलो, जीभ मागे घेतली आणि थांबलो. जोर नसला की जिभेला टाळ्याजवळ एक जागा लागते, हे मला आजवर माहीतच नव्हतं. मोबाईल समोर होता. सुई मधे आली आणि तिथंच उभी राहिली.

"हाच," रूबेन म्हणाला.

मला आनंद झाला पाहिजे होता. मी रडकुंडीला आलो. इतके दिवस ज्याच्यामागे लागलो तो स्वर आता लागतो, आणि तो नीट ऐकू येतो सुईला आणि रूबेनला. मला त्यातला अर्धाच.

"असला काय उपयोग?" मी म्हणालो.

रूबेन गिटारच्या तारा पुसत बसला. "मला उपयोग आहे," म्हणाला. "चाल माझ्या बाबांची आहे."

दुसरं कुणी बघ, हे बोलायचं राहूनच गेलं.

२९ डिसेंबर, सोमवार

काल संध्याकाळी मेळावा झाला.

मैदान भरलं होतं. मुलं पळत होती, जनरेटर चालू होता, एकाच वेळी सगळे बोलत होते. मला तो सगळा आवाज एकाच गोधडीसारखा येतो आता. मी रूबेनच्या पायाकडे बघून ताल धरला. माइकपासून हातभर लांब राहिलो, स्पीकर किंचाळू नये म्हणून. आणि हळू वाजवलं, जसं जिभेला जमलं होतं तसं. दुसऱ्या आवर्तनात एकदा घसरलो, थेट पंचमावर. रूबेनच्या चेहऱ्यावरून कळलं. बाकीचे धैवत लागले असावेत. त्याची मान हलत होती. टाळ्या पडल्या, पण जरा उशिरा, संपलं की नाही हे न कळल्यासारख्या.

खाली उतरलो तर लोक भोवती. कुणी काही बोलतंय, कुणी खांद्यावर हात ठेवतंय. मी नेहमीसारखा हसून मान हलवत होतो. मार्थामावशीनं माझा हात धरला आणि काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली. मी मान हलवायला लागलो आणि थांबलो. म्हणालो, "मावशी, मला ऐकू येत नाही. मोठ्यानं बोल."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोललो. कान गरम झाले.

मावशीनं श्वास घेतला आणि असं ओरडली की खुर्च्या गोळा करणारे थांबले. "म्हटलं, माझ्या माणसाचं गाणं एवढं हळू का वाजवलंस? मी पुढं बसले होते तरी अर्धं आलं नाही! मागच्यांनी काय ऐकलं असेल, तुझं डोंबल?"

पंकजानं तोंडाला पदर लावला. रूबेननं आभाळाकडे बघितलं. मला असा संताप आला म्हणून सांगू. जोरात वाजवलं तरी चूक, हळू वाजवलं तरी चूक. सगळ्यांचं समाधान करणारा आवाज कुठल्या घरात असतो?

मी एक खुर्ची ओढली, मावशीच्या समोर ठेवली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि बसलो. "बस," म्हणालो. "परत वाजवतो."

रूबेन गिटार घेऊन आला. माइक नव्हता, स्पीकर नव्हता. आजूबाजूला ताट-वाट्यांची आवराआवर चालली होती, मुलांचा दंगा चालू होता. मी वाजवायला सुरुवात केली, मघाशी वाजवलं होतं तेवढंच हळू. मावशीनं डोळे मिटले. गिटार मध्यमाकडे वळायच्या जरा आधी तिनं डोळे उघडले, मान वळवून मागच्या पोरांना काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पोरं गप्प बसली.